येसूरच्या डब्यातला पंप

अक्का, चारचौघांत मी तुला 'तुम्ही' म्हणायचे आणि भांडताना 'तू'. आज 'तू'च म्हणणार आहे. तू गेलीस म्हणून मी गोड बोलायला लागेन अशी तुझी समजूत असेल, तर ती काढून टाक. पडेगावच्या त्या घरात आपण दोघी जावा एका भिंतीच्या अल्याड-पल्याड नांदलो. थोरली तू, धाकटी मी. एकमेकींना दोन शब्द सुनावल्याशिवाय आपला दिवस सरला नाही. तेवढं तरी चालू राहू दे.

परवा तुझा जलदान विधी झाला. माइक लावलेला होता, म्हणून माणसं उठून बोललीही. एक जण म्हणाले, शोभाताईंचा स्वभाव फार शांत. मी मागं चहाचे कप विसळत होते, कप हातातून सुटायचाच बाकी होता. तू आणि शांत! कांडपाची मशीन धडधडत असताना तिच्यावर आवाज चढवून, "मिरची दमट हाय, वाळवून आण जा," असं गिऱ्हाइकाला परत पाठवणारी तू. दुसरे उठले आणि म्हणाले, भाग्यवान बाई, कुणाला त्रास न देता झोपेत गेली. तेव्हा मात्र मी कप खाली ठेवले. तू झोपेत गेली नाहीस. तुझा श्वास कोंडत होता आणि अंगणात माणसं बुंदीवर बुंदी वाढून घेत होती. हे माइकवर जाऊन सांगावं असं फार वाटलं. पण स्नेहल समोर बसली होती, तुझी लेक, रडून डोळे सुजलेली. मी पुन्हा कप विसळायला लागले.

तुझी शिट्टी मी त्या घरात आल्यापासून ऐकत होते. थंडी पडली, सर्दी झाली किंवा उन्हाळ्यात मिरचीचा हंगाम लागला, की श्वास सोडताना तुझ्या छातीतून बारीक सूर निघायचा. मी पलीकडं शाळेच्या वह्या तपासत असले तरी मला कळायचं, आज अक्काला जड जातंय. आत्याबाई, आपल्या सासूबाई, त्याला 'शोभाची शिटी' म्हणायच्या आणि घरातली पोरं हसायची. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. ज्या घरात मिरची कांडतात त्या घरात कोण खोकत नाही? बाया पदर नाकाला लावून रांगेत उभ्या राहायच्या, तुझे मालक, आमचे दादा, शिंकत शिंकत पिशव्या बांधायचे. मशीन बंद झाली की सगळ्यांचा ठसका थांबायचा. तुझा थांबत नव्हता. पण ठसक्यांच्या घरात तुझा ठसका वेगळा काढून कोण ऐकणार?

तुला यातलं कळत नव्हतं असंही नाही, आणि माझा सगळा राग तिथंच आहे. माझा अमोल तान्हा होता तेव्हाचं आठव. सर्दीनं त्याची छाती वाजत होती. आत्याबाई ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकत होत्या आणि मी नवखी आई त्यांच्या तोंडाकडं बघत बसले होते. तू मशीनवरून उठून आलीस, हात न धुताच त्याचं झबलं वर केलंस आणि म्हणालीस, "आगं, बरगड्या आत वढायलंय पोरगं. नाकपुड्या बघ कशा फुलायल्यात. दूध बी पीना झालंय. हे शेकायचं काम नाय."

आत्याबाई म्हणाल्या, "जरा दम धर की. उतरंल."

त्यावर तू असा आवाज लावलास की शेजारणी दारात आल्या. पायात चप्पल न घालता तू त्याला घेऊन दौलताबाद रोडला धावलीस आणि हात करून रिक्षा थांबवलीस. दवाखान्यात त्याला वाफेचं मशीन लावलं, ऑक्सिजन दिला. डॉक्टर मला म्हणाले, वेळेवर आणलंत. मी कुठं आणलं होतं, तू आणलं होतंस. तुझ्या हाताची मिरची अंगाला लागून तो जास्तच रडत होता, यावर आपण नंतर किती तरी वेळा हसलो. आज तो कॉलेजात जातो. तुझ्या फोटोला हार त्यानंच घातला, आणि तो तुझ्यामुळं आहे हे मी तुला कधी तोंडानं सांगितलं नाही. तुझी मान आणखी ताठ झाली असती म्हणून नाही सांगितलं.

दुसऱ्याच्या लेकराची बरगडी तुला दिसली. स्वतःच्या छातीसाठी मात्र मला तुला ओढून न्यावं लागलं. त्या छातीच्या डॉक्टर मॅडम आठवतात ना? त्यांनी किती सोपं करून सांगितलं होतं. पाण्याच्या पाइपवर पाय ठेवला की पाणी चिरकत, आवाज करत जातं, तसं तुमच्या श्वासाच्या नळ्यांचं होतं. त्या आतून सुजतात, आवळतात, म्हणून शिट्टी वाजते. त्यांनी तोंडानं ओढायचे दोन पंप दिले. एक रोजचा, सूज धरू नये म्हणून. बरं वाटलं तरी तो मनानं बंद करायचा नाही. दुसरा अचानक आवळून आलं तर घ्यायचा, आणि तो कायम जवळ ठेवायचा. मग त्या आपल्या दोघींकडं आळीपाळीनं बघून म्हणाल्या, "हा पंप घेऊनही मोकळं वाटलं नाही, एक वाक्य एका दमात बोलता येईना, पुढं वाकून बसावं लागलं, ओठ किंवा नखं निळी-काळी दिसायला लागली, तर घरात कुणाचं ऐकत बसायचं नाही. निघायचं." तू शहाण्या मुलीसारखी मान हलवत होतीस. बाहेर आल्यावर मला उसाचा रस पाजलास आणि म्हणालीस, "मॅडम चांगली हाय, पण लई बोलती."

मग तुझा भाऊ आला, चितेगावहून. त्यानं पंप हातात घेऊन उलटासुलटा केला आणि तज्ज्ञासारखा निकाल दिला, "ह्याची एकदा सवय लागली की सुटत नाय, शोभे. आमच्या कंपनीतला एक जण पंपावरच गेला." पंपावर गेला! तो दम्यानं गेला असेल, पंप न घेतल्यानं गेला असेल, पण तुझ्या भावानं दोष पंपाला दिला आणि तू ऐकलंस. माझं कधी ऐकलंस का? रोजचा पंप तू बंद केलास. दुसरा येसूरच्या, आमटीच्या मसाल्याच्या, डब्यात लपवलास, कारण त्या डब्याला तुझ्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं. आवळून आलं की तू स्वयंपाकघरात जायचीस, दार लोटायचीस आणि बोटांना येसूर लागलेली बाहेर यायचीस. मी एकदा म्हटलं, पंपाच्या तोंडाला मसाला चिकटतो आणि तोच तू छातीत ओढतेस. तर म्हणालीस, "चव येती." हसू आलं होतं मला. आता त्या हसण्याचासुद्धा राग येतो.

स्नेहलची छातीही वाजायला लागली तेव्हा तू तिचा पंप त्याच डब्यात टाकलास. तिला कन्नड गावचं स्थळ आलं. मुलगा नोकरीचा, माणसं बरी. मी एवढंच म्हटलं, त्यांना आधीच मोकळेपणानं सांगू. लग्न झाल्यावर ती त्यांच्या घरात पंप कुठल्या डब्यात लपवणार?

तू मशीन बंद केलीस. फक्त माझ्याशी भांडण्यासाठी बंद केलीस. "आईला दमा, लेकीला दमा, म्हंजे नातवंडाला बी दमा. असं कळल्यावर कोण करंल तिला? तुला पोरगी नाय, म्हणून तुला बोलाय काय लागतंय? माझ्या लेकीचं लगीन मोडाय निघालीस व्हय गं?"

मला पोरगी नाही हे तू मला कधीच म्हणाली नव्हतीस. त्या दिवशी म्हणालीस. मीही काहीबाही बोलले. त्यानंतर आपलं बोलणं बंद झालं आणि ही खबर गल्लीभर झाली. थोरली-धाकटीचं फाटलंय, धाकटीला लग्न मोडायचंय, असं आत्याबाई येईल त्याला सांगत होत्या. आपल्या अबोल्याचा हिशेब कुठं जाऊन होणार आहे हे तेव्हा कुणालाच दिसत नव्हतं.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी तुला सर्दी झालेली होती, तरी वांग्याच्या भाजीचा मसाला तूच भाजलास. विहीणबाईंना तुझ्याच हातची चव दाखवायची होती. दुसऱ्या दिवशी अंगणात मांडव, सतरंज्यांची धूळ, उदबत्त्यांचा धूर, पाहुण्यांच्या अंगाचं अत्तर. तुझ्या छातीला आवळायला आणखी काय पाहिजे होतं? तुझी शिट्टी मला मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होती. आणि स्वयंपाकघर कन्नडच्या बायांनी भरलेलं. येसूरचा डबा त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर. तू दोनदा दारापर्यंत गेलीस आणि त्यांच्याकडं बघून हसत परत आलीस. ते मी पाहिलं.

मग वंदनेची वेळ झाली. आपल्या विहारात, गल्लीतल्या कुठल्याही कार्यक्रमात, त्रिशरण-पंचशील म्हणायला सगळ्यांच्या पुढं तुझा आवाज. त्या दिवशीही तुलाच पुढं उभं केलं. तू पहिली ओळ सुरू केलीस आणि ती अर्ध्यात तुटली. श्वास घेतलास, पुढचा एक शब्द म्हटलास, पुन्हा श्वास. मग तुझे नुसते ओठ हलत राहिले आणि मागच्या बायांनी वंदना पूर्ण केली. लोकांना वाटलं, लेकीचा साखरपुडा आहे, आईचा गळा दाटून आलाय. दोन-तीन जणींनी डोळे पुसले. अक्का, मी तुझ्याशी इतकी वर्षं भांडले आहे. तुझा गळा दाटला की तू जास्त जोरात बोलतेस, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

तू खुर्चीत बसलीस, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढं वाकून. समोर विहीणबाई मांडीवर पर्स धरून बसल्या होत्या. गळ्याजवळची तुझी खळी श्वासागणिक आत जात होती. मी अबोला मोडला. जवळ येऊन म्हटलं, "अक्का, चल. रिक्षा बोलावते." तू माझ्याकडं पाहिलंस. एरवी अशा वेळी तू मला उभं-आडवं घेतलं असतंस. त्या दिवशी म्हणालीस, "जा." श्वास घेऊन म्हणालीस, "तू." बस. इतकंच. तू भांडली नाहीस, तेव्हाच मी ओळखलं.

मी तुझ्या भावाला गाठलं. म्हटलं, तिला वाक्य बोलता येत नाहीये, आत्ता दवाखान्यात न्यायला पाहिजे. तो पाहुण्यांकडं बघून हसला आणि दबक्या आवाजात मला म्हणाला, "आज नको मास्तरीणबाई. एक दिस तरी कळ काढा. तुमचं काय चाललंय ते कळतंय आमाला." मी दादांना सांगितलं, ते पंगतीच्या गडबडीत. मग मी स्वतःच रिक्षा बोलावली. ती गल्लीच्या तोंडाशी आली, आणि तुझ्या भावानं ती परत पाठवली. जाताना रिक्षावाल्यानं मांडवाकडं पाहिलं, तेव्हा तूही हात हलवलास. जा म्हणून. दुसऱ्या कुणाला मी शिव्या देऊ शकते, पण त्या हाताचं काय करू?

आणि मग तुझी शिट्टी थांबली. आत्याबाई माझ्याजवळ येऊन समाधानानं म्हणाल्या, "बघ, उगं बोंबलत व्हतीस. थांबली का नाय शिटी? कशी गप बसलीय आज, पाहुण्याम्होरं एक शबूद वाकडा नाय." तुला खोलीत नेऊन भिंतीला टेकवून बसवलं. थकलीय, पडू द्या जरा, म्हणाले सगळे. मी दाराशी आरडाओरडा केला तेव्हा आमच्या ह्यांनी माझा दंड धरून मला बाजूला नेलं. शिकलेली बाई असून शोभतं का, असं मला माझ्या नवऱ्यानं विचारलं. ज्यांनी शिका म्हणून सांगितलं त्यांचा फोटो समोरच्याच भिंतीवर होता.

कन्नडची जीप निघाली. पाहुण्यांना हात जोडून झाले, मग घराला तुझी आठवण झाली. स्नेहल तुला उठवायला गेली आणि तिची किंकाळी आली. तुझी नखं काळीनिळी पडली होती. आता सगळे धावले. तुझ्या भावाची गाडी, तिच्यात तू आडवी, हॉर्न, सगळं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं बाहेर येऊन जे सांगायचं ते सांगितलं. मग विचारलं, छातीचा आवाज कधी थांबला? आत्याबाई डोळे पुसत म्हणाल्या, "जेवणाच्या आधीच थांबला व्हता सायेब. बरं वाटाय लागलं व्हतं तिला." डॉक्टर त्यांच्याकडं वळला. मग म्हणाला, "आजी, शिट्टी वाजायलाही हवा लागते. हवा जाणंच बंद होत आलं होतं, म्हणून आवाज थांबला. तेव्हाच तर धावत यायचं होतं."

 दुसऱ्या दिवसापासून 'झोपेत गेली' सुरू झालं. तुझ्या भावानं सुरू केलं.

आता परवाचं ऐक. हे तुला सांगण्यासाठीच मी लिहायला बसले. बाहेर माइकवर तुझी शांतता चालू होती तेव्हा विहीणबाई पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या. चुलवणाचा धूर खिडकीतून आत येत होता. त्यांना खोकला आला. त्यांनी मागंपुढं पाहिलं, मी कोपऱ्यात आहे हे त्यांना दिसलं नाही. भिंतीकडं तोंड केलं, पर्स उघडली आणि पंप काढून तोंडाला लावला. हो अक्का. निळा, तुझ्यासारखाच.

मला पाहून त्यांच्या हातातून टोपण पडलं. मग खालीच बसल्या. म्हणाल्या, "कुणाला सांगू नगा बाई. आमच्या घरात बी ठाव नाय. सून यायचीय, तिला कळालं तर काय म्हणंल?" आणि रडायला लागल्या. "आमच्या विहीणबाई, तुमच्या अक्का, त्या दिशी वाकून बसल्या व्हत्या, हात टेकून. मला वळखू आलं व्हतं वो. मी बी तशीच बसते. पर्सला हात घातला बी व्हता. पण म्हणलं, चारचौघांत कसं काढावं, त्यास्नी काय वाटंल."

तुम्ही दोघी समोरासमोर बसला होतात. पर्स त्यांच्या मांडीवर होती. तू त्यांना भिऊन गप्प, त्या तुला भिऊन गप्प. मी त्यांना काय बोलले ते इथं लिहीत नाही. तू असतीस तर माझ्याहून वाईट बोलली असतीस.

स्नेहल दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिची छाती सकाळपासून वाजत होती, पाहुण्यांपुढं ती ते दाबत होती, तुझीच लेक.  फळीवरचा डबा तिनं खाली घेतला, येसुरात हात घालून आपला पंप काढला, ओढणीनं नीट पुसला आणि अंगणात गेली. माइकवाला बोलायचा थांबला. तुझ्या फोटोसमोर, सगळ्या पाहुण्यांसमोर, तिनं पंप हलवला, श्वास पूर्ण सोडला, पंप ओढला आणि छाती भरून थांबली. मॅडमनी तुला शिकवलं होतं अगदी तसं.  आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. सगळे मुलाच्या वडलांकडं बघायला लागले.

ते म्हणाले, "पोरीला उलसं पाणी द्या रं कुणीतरी."

बस. एवढंच म्हणाले. मग त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, जेवायला किती वेळ आहे. नवरदेव स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि तिच्या शेजारी बसून विचारत होता, हा पंप कन्नडला मेडिकलवर मिळतो का. लग्न मोडलं नाही, अक्का. त्याची तारीखसुद्धा हलली नाही. ज्या उत्तराला भिऊन तू श्वास गिळून बसलीस, ते उत्तर हे होतं. विहीणबाई मात्र पर्स बंद करून आतच बसून राहिल्या. त्यांचं त्यांनी बघावं, मला आता त्यांच्यासाठीही भांडायची ताकद नाही.

तुझ्या हातचा येसूर मी दुसऱ्या डब्यात काढून ठेवला आहे. पुरवून पुरवून वापरीन. जुना डबा रिकामा करताना तळाशी तुझा पंप सापडला. तो हलवून पाहिला. अजून अर्धा भरलेला आहे.